दमलेल्या लेकरांची निलाक्का

ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं रॅकवर लावत होते, तेव्हा सुवर्णाचा फोन आला. सुवर्णा म्हणजे निलाक्कांची धाकटी सून, राजारामपुरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी. "वहिनी, आत्ती गेल्या," ती म्हणाली. सासूबाईंना ती आत्ती म्हणायची. अक्का तेव्हा कागलला थोरल्या मुलाकडे होत्या. सकाळी चहा घेतला, अंगणात उन्हाला बसल्या, अंघोळीचं पाणी काढलंय म्हणून आतून हाक मारली, तर उत्तरच नाही... मी हातातलं पुस्तक भलत्याच रॅकवर ठेवलं. ते दोन दिवसांनी सापडलं. वय झालेलं होतं, वर्षभर तब्येत उतरत चालली होती, हे सगळं माहीत होतं. तरी घरी येऊन सईला मी दारातच सांगून टाकलं. सई आता बारावीला आहे. तिनं क्लासची बॅग खांद्यावरून काढलीसुद्धा नाही, तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला झोपायला अक्कांनी शिकवलं, ना?"

लोकांना हसू येईल. झोपायला कुणी शिकवतं का? पण आमच्या घरापुरतं ते अगदी खरं आहे. अक्का जाऊन आता दीड महिना झाला, मन थोडं जागेवर आलंय, म्हणून लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात आम्ही नाशिकहून कोल्हापूरला आलो. मला इथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली होती. यजमानांची नोकरी फिरतीची, सोमवारी सकाळी बॅग घेऊन निघाले की शनिवारी घरी. राजारामपुरीतल्या दुमजली घरात वरचा भाग आम्हाला भाड्याने मिळाला. खाली मालक, म्हणजे निलाक्का, त्यांचा धाकटा मुलगा आणि सुवर्णा. लिंगायत कुटुंब, मूळचं कागलच्या पुढचं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावातलं. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. अक्कांचं खरं नाव निलव्वा, पण सगळी गल्ली त्यांना निलाक्काच म्हणायची. आणि त्यांचा आवाज! दारासमोर कुणी स्कूटर लावली की त्या आतूनच ओरडायच्या, "ओ पावणं, गाडी तिकडं घ्या की! आमी काय उडून जायाचं व्हय?" पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "मी जातो आता, काय लागलं तर हाक मार." बाई असून 'मी जातो'? मी बुचकळ्यात पडले. इथल्या बायका अशाच बोलतात हे कळायला मला महिना लागला, आणि त्या आवाजाची भीती जायला तीन महिने.

सई तेव्हा अडीच वर्षांची होती. दिवसभर पाळणाघरात असायची. साडेपाचला मी तिला आणायला जायचे तेव्हा हसत यायची, रिक्षात गप्पा मारायची आणि घराचा जिना चढेपर्यंत तिचं रडं सुरू व्हायचं. साधं रडं नव्हे. चपला काढू द्यायच्या नाहीत, काढल्या तर परत घाल म्हणायचं, पाणी मागायचं आणि दिलं की भांडं ढकलायचं, जमिनीवर पडून टाचा आपटायच्या... रोज तासभर, कधी दीड तास. मी काय करत नव्हते? ट्यूबलाइट लावायचे, टीव्ही लावायचे, बिस्किटं पुढे करायचे, खेळण्याची टोपली उपडी करायचे, कडेवर घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. आणि सारखं विचारायचे, "काय हवंय तुला? सांग ना, काय हवंय?" कुणी म्हणायचं दृष्ट काढा, कुणी म्हणायचं जंताचं औषध द्या, कुणी म्हणायचं हट्टी आहे, एकदा चांगला चोप द्या. दिवसभर मी शांततेची नोकरी करायचे. पोरांनी जरा कुजबुज केली तरी टेबलावर पेन आपटून गप्प बसवायचे. आणि संध्याकाळी माझ्याच घरात माझंच लेकरू मला गप्प करता येत नव्हतं.

एका संध्याकाळी मी तिला मारलं. थोबाडीत. दूध सांडलं, एवढंच निमित्त. अडीच वर्षांच्या गालावर माझी बोटं उमटली आणि ती एकदम श्वास कोंडून गप्प झाली. मग असं काही ओरडली की मी तिला तिथेच सोडून गॅलरीत गेले, दार बाहेरून ओढून घेतलं आणि कान झाकून खाली बसले. किती वेळ, ठाऊक नाही. पाच मिनिटं असतील. जिन्यावर पावलं वाजली. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. निलाक्का आत आल्या. गॅलरीच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. आता ही बाई ओरडणार, आपल्याला चार शब्द सुनावणार, गल्ली गोळा होणार, असं वाटून मी उठलेच नाही.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग ट्यूबलाइट. खिडकीचा पडदा ओढला. सईजवळ न जाता तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि तिच्याकडे न बघता आपल्या पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. एक शब्द नाही. सई ओरडत होती, त्या बसल्या होत्या. हळूहळू ओरडण्याला खंड पडायला लागला. मग सई सरकत सरकत त्यांच्या गुडघ्याला येऊन टेकली. तेव्हा कुठे त्या बोलल्या, आणि तो आवाज मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. इतका खालचा, जाडसर, उन्हात ठेवलेल्या पाण्यासारखा कोमट. "साकु," त्या म्हणाल्या. "आजचं साकु." साकु म्हणजे पुरे. कानडी आहे, हे मला नंतर कळलं.

मग त्यांनी गॅलरीचं दार उघडलं. "ये आत," म्हणाल्या. "पोरगी वाईट न्हाय, दमलीया. आन् तू बी वाईट न्हाईस. तू बी दमलीयास. बस हितं." मी बसले आणि रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. आत जाऊन गॅसवर पाणी कोमट केलं, परातीत ओतलं आणि सईचे पाय त्यात बुडवले. मग कोरड्या फडक्यानं पुसून तळव्यांना खोबरेल लावलं, आणि एकेक बोट चिमटीत धरून हलकेच ओढत कानडीत मोजायला लागल्या, "ओंद, एरड, मूर, नाक, ऐद." परत पहिल्यापासून. पाचच्या पुढे गेल्याच नाहीत. तिसऱ्या खेपेला सईच्या पापण्या जड झाल्या. सात वाजायच्या आत ती माझ्या मांडीवर झोपली होती, न जेवता. मी म्हटलं, "अक्का, उपाशी झोपली." त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासानं उठंल, मंग खाईल. दमलेल्या लेकराला जेव म्हणू नगंस. आधी इसावा." आणि खरंच, ती पाऊण तासाने उठली आणि कुरकुर न करता भात खाल्ला.

त्यानंतर रोज पाळणाघरातून आलं की सई तडक खाली. अक्कांच्या आतल्या खोलीत एक वाकळ पसरलेली असायची, जुन्या लुगड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. खोलीत विभूतीचा वास. खरं तर ती त्यांची लिंगपूजेची वेळ. पण सई यायला लागल्यावर त्यांनी पूजा मागे ढकलली. सुवर्णानं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "देवाला काय घाई हाय? त्येला कुटं झोपायचंय?" मी पण त्यांच्याकडे बसून बघत राहायचे. त्या काही विशेष करत नव्हत्या, हेच विशेष होतं. सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायच्या. बोटांखालून तांदूळ सरकण्याचा तो एकसारखा बारीक आवाज, आणि शेजारी पोरगी पालथी पडलेली. मी काही बोलायला तोंड उघडलं की मान हलवायच्या. "काय बी इचारू नगंस तिला. तिला ठाऊक असतं तर रडली असती व्हय?" हे वाक्य मी आजवर किती आयांना सांगितलं असेल!

त्या काही चुकत नव्हत्या असं मात्र नाही. एकदा सई दोन दिवस सतत किरकिर करत होती. अक्का म्हणाल्या दमलीया, आपण पाय शेकू. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं तर कान आतून लाल झालेला. अक्कांना ते फार लागलं. औषध सुरू होतं तोवर त्या रोज वर येऊन सईच्या उशाशी बसायच्या. तेव्हापासून रडणारं लेकरू आलं की आधी ताप बघायच्या, कानाला हात लावून बघायच्या. "माजं डोस्कं माजंच हाय, डॉक्टरचं न्हाय," असं म्हणायच्या आणि मग वाकळ पसरायच्या.

आणि मी? मी किती कोत्या मनाची निघाले, तेही सांगायलाच हवं. वर्षभर सगळं छान चाललं होतं. एका रविवारी सई घरीच होती, दुपारी झोपेला आली आणि किरकिरायला लागली. मी तिला जवळ घेतलं, तर तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं. "तू नको. अक्का पाहिजे." मी तिला परत घेतलं, तिनं परत ढकललं. तिला खाली नेऊन सोडलं आणि अक्कांकडे न बघता वर आले. दुसऱ्या दिवसापासून मी तिला खाली पाठवणं बंद केलं. संध्याकाळी पाळणाघरातून तिला घेऊन परस्पर बागेत जायचे, अंधारायला लागल्यावर घरी आणायचे. ती आणखी दमायची, आणखी रडायची. जिन्यात अक्का दिसल्या की मी मान खाली घालून वर जायचे. आठ दिवस असे काढले.

नवव्या दिवशी, दुपारी माझी सुट्टी असताना, त्या वर आल्या. सई पाळणाघरात होती. दारातच त्यांनी विचारलं, "माजं काय चुकलं?" खोटं बोलायला मला जमलं नाही. म्हटलं, "अक्का, तिला तुम्ही पाहिजे. मी नको." मला वाटलं, त्या हसतील किंवा रागावतील. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "ऐक. मी काय लेकरांची देवी न्हवं."

आणि त्यांनी मल्लूची गोष्ट सांगितली. मल्लिकार्जुन, त्यांचा थोरला. तेव्हा तीन वर्षांचा. सासरचं घर सोळा माणसांचं, सुगीचे दिवस, चुलीपुढून उठायला फुरसत नाही. मल्लू सकाळपासून रडत होता, पदर सोडत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, त्याला गप्प कर नाहीतर बाहेर ने. "मी त्येला गोठ्यात नेला. वासराच्या दाव्यानं मनगट खांबाला बांदलं आन् भाकरी थापाया आलो. लई रडला. मंग गप बसला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्यो गप बसला तवा मला बरं वाटलं बग. त्येच मला अजून सोसत न्हाय." दिवस कलताना गेल्या, तर पोरगा खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपलेला, मनगटावर वळ. त्याला उचलून घेतला तर जागाही झाला नाही. "त्यो वाईट न्हवता, गं. दमला हुता. आन् मी बी. पर आमाला त्ये सांगायला कोण हुतं?"

मी उठून पाणी आणलं. पाणी पिऊन त्या उठल्या आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजपास्नं मी तिला झोपवणार न्हाय. माज्याकडं झोपली तर माजी हुईल. तुज्याकडं झोपू दे. मी हाय शेजारी."

तसंच झालं. त्या दिवसापासून संध्याकाळी त्या वर यायच्या, आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसायच्या आणि मला सगळं करायला लावायच्या. मी घाई केली की नुसतं खाकरायच्या. पहिले चार दिवस सईने मला ढकललं. पाचव्या दिवशी मी ढकलू दिलं, रागावले नाही, उठले नाही, तिच्यापासून हातभर लांब बसून राहिले. टीव्ही बंद, पडदा ओढलेला. मला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता, आणि तो किती जोरात चाललाय हे कळत होतं. तो खाली यायला वेळ लागला. तो खाली आला, आणि मग ती आली. सरकत सरकत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी मान वळवून बघितलं तर उंबऱ्यात कुणी नव्हतं. सूप तेवढं होतं. त्या कधी खाली गेल्या, कळलंच नाही.

नंतरच्या वर्षांत ते आमच्या घरापुरतं राहिलं नाही. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची जुळी मुलं, उचगावहून नव्याने राहायला आलेल्या जोडप्याचं तान्हं, माहेरी आलेल्या पोरींची बाळं... दुपार कलली की कुणीतरी आई रडकुंडीला येऊन अक्कांच्या दारात उभी असायची. अक्का आधी त्या आईला बसवायच्या. पाणी, चहा, दोन घास. बाळ रडतंय तर रडू दे म्हणायच्या, ते काय पळून जात न्हाय. एका बाईने नवरा घरी आल्यावर तरी बाळ गप्प असावं म्हणून झोपेचं काही औषध आहे का, असं विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी असा आवाज चढवला की ती बाई चपला दारातच विसरून गेली. संध्याकाळी त्या नवऱ्यालाच त्यांनी बोलावून घेतलं. "पावणं, बसा. हे धरा," म्हणून बाळ त्याच्या हातात दिलं आणि आपण आत निघून गेल्या. तो गृहस्थ पाऊण तास घामाघूम होऊन बसला होता. पण दुसऱ्या दिवशी आपणहून आला.

सई शाळेत जायला लागली, मोठी झाली, माझी बदली झाली नाही, आम्ही तिथेच राहिलो. तीन वर्षांपूर्वी अक्कांना जिने, रस्ता, गर्दी काही झेपेनासं झालं, आणि मल्लूअण्णा त्यांना कागलला घेऊन गेले. आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. शेवटचं भेटलो ते गेल्या संक्रांतीनंतर. त्यांचा आवाज पार बारीक झाला होता, ऐकायला जवळ वाकावं लागायचं. सईला परीक्षेचा ताण आलाय, रात्रंदिवस चिडचिड करते, असं मी तक्रारीच्या सुरात सांगत होते. अक्कांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "तू तिच्याकडं बगू नगंस. तिच्याजवळ बस." तेवढं बोलूनही त्यांना धाप लागली.

दिवस-कार्य झाल्यावर आम्ही तिघं भेटायला गेलो. घर माणसांनी भरलं होतं. मल्लूअण्णा आता पन्नाशीच्या पुढचे, दणकट, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आईनं तुमाला गोठ्याचं सांगितलं हुतं न्हवं?" मी मान हलवली. "गेल्या साली मला बी सांगितलं. इतक्या वर्सांनी. माजे पाय धराया लागली. मी म्हणालो, आई, मला काय बी आठवत न्हाय." ते आणखी जवळ सरकले. "खरं सांगू? आठवतंय. दावं न्हाय आठवत. वासरू माजा हात चाटत हुतं, तेवढं आठवतंय. आन् तिनं मला उचलला, त्ये बी आठवतंय. मी जागा हुतो. डोळं मिटून घेतलं, खाली ठेवू नये म्हणून." मग म्हणाले, "खोटं बोललो, त्ये बरं केलं का वाईट, काय की."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा नातू, दोन वर्षांचा, माणसांच्या गराड्यात मोठ्याने रडायला लागला. सकाळपासून या हातातून त्या हातात फिरला होता. कुणी खुळखुळा वाजवला, कुणी केळं पुढे केलं, कुणी म्हणालं पणजीची आठवण येतेय बहुतेक. मल्लूअण्णा उठले. माणसांतून वाट काढत गेले, पोराला छातीशी धरलं आणि अक्कांच्या खोलीत नेऊन दार लोटून घेतलं. बाहेर आमचं बोलणं आपोआप थांबलं. चहा आला, तोही सगळ्यांनी न वाजवता प्यायला. आतून रडं येत होतं, मग मधे मधे येत होतं, मग येईना.

वीस-पंचवीस मिनिटांनी ते बाहेर आले. सदऱ्याचा खांदा ओला होता. दार त्यांनी दोन्ही हातांनी धरून अलगद ओढलं. सईने डोळ्यांनीच विचारलं.

"झोपला," ते हळूच म्हणाले. "आता जेवल्याबिगर कुणी हलायचं न्हाय."